नांदते देवालय कसे वाचावे : राजिम येथील राजीवलोचन मंदिर

प्राचीन वास्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ज्यांचा वापर पूर्वीच थांबला आणि ज्या पुढे ढिगाऱ्याखाली अथवा झाडीत विसावल्या, त्यांचा एक वर्ग. ज्यांचा वापर कधी थांबलाच नाही, किंवा थांबला तरी फार काळ थांबला नाही, त्यांचा दुसरा. पहिल्या वर्गातील वास्तूंना आपण अवशेष म्हणतो. दुसऱ्या वर्गासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे ‘नांदते’. नांदत्या घराप्रमाणे नांदते देवालयही प्रत्येक पिढीच्या हातून थोडेथोडे बदलत जाते. म्हणूनच त्याचा अभ्यास अवशेषांच्या अभ्यासापेक्षा अवघड असतो, आणि अनेकदा अधिक फलदायीही असतो.

छत्तीसगडमध्ये या दोन्ही वर्गांची उत्तम उदाहरणे महानदीच्या काठी, एकमेकांपासून फार दूर नाहीत अशा अंतरावर पाहावयास मिळतात. रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या सिरपूर येथे विटांचे लक्ष्मण मंदिर उभे आहे. रायपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, महानदी, पैरी व सोंढूर या नद्यांच्या संगमावर, राजिम हे क्षेत्र वसले आहे. तेथे राजीवलोचनाचे देवालय आहे. पहिले मूक आहे, दुसरे नांदते आहे. प्रस्तुत प्रकरणाचा विषय दुसरे मंदिर हा आहे. परंतु त्याचे वाचन करण्यापूर्वी पहिल्याकडे क्षणभर पाहिलेले बरे.

सिरपूरचा धडा

सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी. येथील लक्ष्मण मंदिर हर्षगुप्ताची विधवा राणी व महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने, दिवंगत पतीच्या पुण्यार्थ, साधारणतः सातव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. आज ‘लक्ष्मण’ हे नाव रूढ असले तरी मंदिर मुळात विष्णूचे आहे. विटा घासून इतक्या काटेकोरपणे एकमेकींवर बसविलेल्या आहेत की त्यांतील सांधे डोळ्यांना सहज जाणवत नाहीत. भिंतींवर विटांतच कोरलेल्या आंधळ्या खिडक्या आहेत, म्हणजे खिडकीचा आकार आहे, पण त्यातून उजेड आत येत नाही. गर्भगृहाची द्वारचौकट मात्र दगडाची असून तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू व बाजूच्या शाखांवर अवतार कोरलेले आहेत. पुढील मंडप नाहीसा झालेला आहे. त्याच्या खांबांचे बुंधे तेवढे उरले आहेत.

या मंदिराच्या ढिगाऱ्यात वासटेचा शिलालेख सापडला. तो आता रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. हा लेख केवळ स्तुतिपर नाही. मंदिराला दान दिलेल्या गावांच्या उत्पन्नाची वाटणी त्यात सांगितलेली आहे. अन्नसत्र, मंदिराची दुरुस्ती आणि सेवकवर्गाचा निर्वाह यांसाठी वेगवेगळे भाग ठेवले असून उरलेला भाग वेदविद्येत पारंगत ब्राह्मणांना दिलेला आहे. त्या ब्राह्मणांच्या वारसांनीही विद्वान असावे, जुगारादी व्यसनांपासून दूर राहावे, अशी अट घातलेली आहे.

मंदिर बांधणाऱ्या राणीने मंदिर मोडेल हे गृहीत धरले होते, ही गोष्ट अभ्यासकाने मनात पक्की करावी. दगड व वीट चिरंतन आहेत असा भ्रम तिला नव्हता. दुरुस्तीचा खर्च तिने मूळ दानातच बांधून दिला. म्हणजेच जीर्णोद्धार हा प्राचीन वास्तूवर नंतरच्या लोकांनी केलेला आगंतुक उपचार नव्हे. तो वास्तूच्या मूळ संकल्पाचाच भाग आहे. सिरपूरची राजधानी उजाड झाली, दानाची गावे हातची गेली, आणि दुरुस्ती थांबली. त्यानंतर मंदिर जसे होते तसे कोसळत राहिले. त्याचा जो भाग वाचला तो म्हणूनच फारसा बदलला नाही. १९५० नंतरच्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. त्यांच्या हाती आलेली भूमी अशीच, मध्यंतरीच्या पिढ्यांनी फारशी न ढवळलेली होती.

राजिमचे तसे नाही. तेथे दुरुस्ती थांबली नाही.

मंदिराची मांडणी

राजीवलोचनाचे मंदिर एका आयताकृती प्राकाराच्या मध्यभागी उंच अधिष्ठानावर उभे आहे. प्राकाराच्या चार कोपऱ्यांत चार लहान देवळे आहेत : वराह, वामन, नृसिंह व बदरीनारायण. मधले मुख्य मंदिर व कोपऱ्यांतील चार मिळून पाच, म्हणून या मांडणीला पंचायतन म्हणतात. मुख्य मंदिराचे तीन भाग सहज ओळखता येतात. प्रथम स्तंभयुक्त महामंडप, त्यानंतर अंतराळ, आणि शेवटी गर्भगृह. गर्भगृहात काळ्या पाषाणाची चतुर्भुज विष्णुमूर्ती असून शंख, चक्र, गदा व पद्म ही तिची आयुधे आहेत.

महामंडपात प्रवेश केल्यावर अभ्यासकाने मध्यभागातील स्तंभांच्या दोन रांगा आणि बाजूच्या भिंतींतील अर्धस्तंभ यांतील फरक पाहावा. अर्धस्तंभांवर जवळजवळ पुरुषभर उंचीच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. मकरवाहिनी गंगा, कूर्मवाहिनी यमुना, वराह, नृसिंह, दुर्गा आदी मूर्ती येथे ओळखता येतात. तीन नद्यांच्या संगमावरील मंदिरात नदीदेवता असणे कोणालाही स्वाभाविक वाटेल. परंतु गंगा-यमुनांच्या मूर्ती त्या काळातील अनेक मंदिरांच्या द्वारांशी असतात. त्यांचा संबंध स्थानिक संगमाशी नसून, मंदिरात शिरणारा जणू तीर्थात न्हाऊनच आत जातो, या कल्पनेशी आहे. स्थानिक कारण डोळ्यांसमोर सहज उपलब्ध असले म्हणजे तेच खरे असते असे नाही, हा या मूर्तींपासून घ्यावयाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा शिखरापाशी मिळतो. शिखरावर व भिंतींवर पिढ्यानपिढ्या गिलावा व रंग चढत आलेला आहे. सिरपूरला विटेची घडण उघडी दिसते, येथे ती झाकलेली आहे. मूळ घडीचे थर व उंचवटे गिलाव्याखाली बोथट झाले आहेत. पाहणाऱ्याने रंगाच्या ताजेपणावरून मंदिराला नवे ठरवू नये, आणि गिलाव्याखाली सर्व काही जुनेच असेल असेही समजू नये. रंग हा सर्वांत वरचा, म्हणून सर्वांत नवा थर. त्याच्या खाली आणखी किती थर आहेत हे प्रत्येक ठिकाणी वेगळे पाहावे लागते.

भिंतीतील दोन लेख

महामंडपाच्या भिंतीत दोन शिलालेख आहेत. नांदत्या देवालयाचे वाचन किती सावधपणे करावे लागते याचे हे दोन लेख उत्तम उदाहरण आहे.

पहिला लेख नलवंशी राजा विलासतुंग याचा आहे. त्यात काळाचा उल्लेख नाही. अक्षरांच्या वळणावरून तो इ. स. ७०० च्या सुमाराचा मानला जातो. पृथ्वीराज, विरूपाक्ष व विलासतुंग अशी पिढी त्यात येते, आणि विलासतुंगाने आपल्या दिवंगत पुत्राच्या पुण्यासाठी विष्णूचे मंदिर बांधविल्याचे सांगितले आहे. हे मंदिर म्हणजेच राजीवलोचनाचे मंदिर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसऱ्या लेखावर काळ स्पष्ट कोरलेला आहे : कलचुरी संवत ८९६, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार. कलचुरी संवताचा प्रारंभ इ. स. २४८-४९ मध्ये होतो हे लक्षात घेतले म्हणजे गणिताने ३ जानेवारी ११४५ हा दिवस येतो. हा लेख रतनपूरच्या कलचुरी राजांच्या पदरी असलेल्या जगपाल या सरदाराचा आहे. त्यात त्याच्या घराण्याचा पराक्रम वर्णिला असून, जगपालाने रामाचे मंदिर बांधले व देवाच्या नैवेद्यासाठी शाल्मलीय नावाचे गाव दिले, अशी नोंद आहे. या दोन्ही लेखांचे संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. कलचुरी लेखांचा त्यांचा मोठा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता येथे एक पेच उभा राहतो. लेख विष्णुमंदिराच्या भिंतीत आहे, परंतु तो सांगतो रामाच्या मंदिराविषयी. राजिम गावात रामचंद्राचे एक स्वतंत्र मंदिर आहे, आणि हा शिलाखंड मूळचा तेथील असावा असा तर्क अभ्यासकांनी केलेला आहे. त्या मंदिरातील कोरीव खांबही सिरपूरच्या अवशेषांतून आणलेले असावेत, असे जुन्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे या प्रदेशात दगड प्रवास करीत होता. एका राजधानीचा खांब दुसऱ्या गावच्या मंडपाला आधार देत होता, आणि एका देवाच्या दानाचा लेख दुसऱ्या देवाच्या भिंतीत सुरक्षित राहत होता.

यावरून एक सामान्य नियम सांगता येईल. भिंतीतील लेख हा त्या भिंतीचा जन्मदाखला नसतो. लेख काय म्हणतो, तो कोणत्या देवाविषयी म्हणतो, दगड भिंतीच्या मूळ थरांत बसतो की मागाहून बसविलेला दिसतो, आणि अक्षरांचा काळ मूर्तींच्या घडणीशी जुळतो की नाही, या चार गोष्टी स्वतंत्रपणे तपासूनच निष्कर्ष काढावा.

लोककथा व तिचा राजा

राजिमची लोककथा सर्वश्रुत आहे. राजिम नावाची एक तेलीण होती. तिला एक शिळा सापडली. त्या शिळेवर ठेवलेले तिचे तेलाचे भांडे कधी रिते होईना. ही वार्ता राजा जगतपालाच्या कानी गेली. ती शिळा म्हणजे प्रत्यक्ष देवच होय असे जाणून राजाने ती मागितली. तेलिणीने एकच मागणे मागितले : देवाच्या नावाशी माझे नाव जोडले जावे. म्हणून देव राजीवलोचन आणि गाव राजिम.

कथेतील जगतपाल म्हणजे ११४५ च्या लेखातील जगपाल, हे उघड आहे. परंतु विष्णुमंदिर त्याच्या आधी सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचे असल्याचे विलासतुंगाचा लेख सांगतो. मग कथा खोटी म्हणावयाची काय? तसे म्हणणे घाईचे होईल. नलवंशाचे राज्य लयाला गेले, त्याचे नाव लोकांच्या कानावर राहिले नाही. जगपालाची दानपरंपरा नंतरची, आणि म्हणून स्मरणात अधिक काळ टिकलेली. लोकस्मृतीने जुन्या मंदिराला आपल्या आठवणीतील राजा जोडून दिला. कथा मंदिराचा काळ सांगण्यास असमर्थ आहे. मात्र मंदिराशी कोणाचे नाते होते, हे ती नेमके सांगते.

याची साक्ष मंदिराच्या परिसरातच आहे. मुख्य मंदिराजवळ तेलिणीचे एक लहान देऊळ आहे. त्यातील शिळेवर हात जोडलेली स्त्री, वर सूर्य व चंद्र, आणि खाली बैल जुंपलेला तेलाचा घाणा कोरलेला आहे. महाराष्ट्रातील वाचकाने वीरगळ व सतीशिळा पाहिलेल्या असतात. सूर्यचंद्राची खूण त्याला लगेच ओळखता येईल. सूर्यचंद्र असेपर्यंत हे स्मरण राहो, असा तिचा अर्थ. परंतु घाण्याचे चित्र विरळा. वीरगळावर तलवार असते, येथे उद्योगाचे साधन आहे. छत्तीसगडमधील साहू, म्हणजे तेली, समाज राजिममातेची जयंती दरवर्षी ७ जानेवारीस साजरी करतो.

विलासतुंगाने पुत्राच्या स्मरणार्थ मंदिर बांधले, पण त्या पुत्राचे स्मरण आज लेख वाचणाऱ्यांनाच होते. तेलिणीचे नाव मात्र राजिमला जाणारा प्रत्येक प्रवासी उच्चारतो. स्मारकाच्या अभ्यासात या दोन्ही प्रकारांना स्थान दिले पाहिजे. एक दगडावर कोरलेले, दुसरे बोलण्यात रुजलेले. पहिले वाचण्यास लिपी यावी लागते, दुसरे वाचण्यास केवळ ऐकण्याची तयारी लागते.

संगमातील कुलेश्वर

राजीवलोचनाचे वाचन प्राकाराबाहेर पडल्याशिवाय पुरे होत नाही. नदीच्या पात्रात, संगमाजवळ, कुलेश्वर महादेवाचे मंदिर उभे आहे. पावसाळ्यात पाणी त्याला चारी बाजूंनी वेढते. इतकी शतके ते टिकून राहिले याचे कारण त्याच्या उंच जगतीत आहे. ही जगती चौकोनी नसून अष्टकोनी आहे. चौकोनी ओट्याची सपाट बाजू प्रवाहाला आडवी आली असती तर पुराचा सारा रेटा तिच्यावर बसला असता. अष्टकोनाच्या कलत्या बाजू पाण्याला दोन्हीकडे वळवून देतात. येथील कारागिराला नदीचा स्वभाव ठाऊक होता, आणि त्याने तो आकारात उतरविला. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत भरणाऱ्या जत्रेत पात्रातील वाळूवरून लोक या मंदिराशी जातात. विष्णू तीरावर आणि शिव प्रवाहात, अशी ही एकाच क्षेत्राची दोन अंगे आहेत.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नांदते देवालय बदलत राहते, आणि ते बदलण्याचा त्याला हक्क आहे. परंतु प्रत्येक बदल मागील पिढीची एखादी खूण पुसून टाकू शकतो. मग दुरुस्ती कशी करावी?

हा पेच केवळ आपल्याकडे पडलेला नाही. इंग्लंडमध्ये गावोगावी मध्ययुगीन चर्च आहेत. गावचा एक भाग व त्याचे एक चर्च अशी तेथील रचना असल्याने ही चर्चही राजिमच्या मंदिराप्रमाणे अखंड नांदती राहिली. एकाच चर्चमध्ये बाराव्या शतकाची अर्धवर्तुळाकार कमान, चौदाव्या शतकाची टोकदार खिडकी आणि पंधराव्या शतकाचा मनोरा, असे दृश्य तेथे नवलाचे नाही. जमिनीत व भिंतींशी स्थानिक जमीनदारांच्या समाध्या, त्यांच्या दगडी प्रतिमा व पितळी पत्रे असतात. सोळाव्या शतकात तेथे धर्मसुधारणा झाली तेव्हा भिंतींवरील संतांची चित्रे चुन्याने झाकण्यात आली. पुढे अनेक ठिकाणी तो चुना निघाला आणि खालची चित्रे पुन्हा दिसू लागली. झाकणाऱ्यांनी नकळत ती राखून ठेवली होती. याउलट एकोणिसाव्या शतकात चर्चना त्यांचे ‘मूळ रूप’ परत देण्याच्या उत्साहात भिंती खरवडल्या गेल्या, नंतरच्या शतकांची भर काढून टाकली गेली, आणि जे गेले ते कायमचे गेले. या खरवडीविरुद्ध कवी व कलावंत विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. जुन्या वास्तूला मागे नेऊ नये, तिची नित्य निगा राखावी, हा तिचा आग्रह होता.

भारतात प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ मध्ये झाला. तथापि कायदा संरक्षणाची चौकट देतो, दृष्टी देत नाही. दृष्टी मंदिर चालविणाऱ्यांना, दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याला आणि दर्शनाला येणाऱ्यांना असावी लागते. चुन्याचा हात दगडाला फारसा इजा करीत नाही, आणि तो उतरविता येतो. तैलरंग रंध्रांत शिरतो, दगडातील ओल आत कोंडतो, आणि काढताना कोरीवकामाची धारही नेतो. सिमेंटचा गिलावा जुन्या विटेपेक्षा कठीण असतो. उन्हापावसात दोघांचे प्रसरण-आकुंचन सारखे होत नाही, आणि शेवटी फुटते ती वीट. शोभेसाठी बसविलेली चकचकीत फरशी अधिष्ठानाचा खालचा थर गिळून टाकते, आणि मंदिराची मूळ उंची कोणाला सांगता येत नाही. यांपैकी कोणतीही गोष्ट द्वेषाने होत नाही. बहुधा ती भक्तीनेच होते. म्हणूनच तिला विरोध करणे कठीण जाते.

येथे वासटेचा लेख पुन्हा उपयोगी पडतो. तिने दुरुस्तीसाठी उत्पन्न बांधून दिले, कारण मोडलेले सांधणे हे तिला अभिप्रेत होते. वास्तू नव्याने उभारावयाची तर तिला वेगळे दान करावे लागले असते. सांधणे आणि पुसणे यांतील भेद ओळखणे हाच जीर्णोद्धाराचा विवेक होय. व्यवहारात त्याचा अर्थ साधा आहे. हात लावण्यापूर्वी भिंतीची, खांबांची व लेखांची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. लेखाचा ठसा घ्यावा. दगड हलवावा लागला तर तो कोठून हलविला याची नोंद करावी. जगपालाच्या लेखाचा दगड ज्यांनी हलविला असेल त्यांनी अशी एक ओळ लिहून ठेवली असती, तर तर्काची गरजच उरली नसती.

अभ्यासक्रम

नांदत्या देवालयाकडे जाणाऱ्याने पुढील क्रम ठेवावा. प्रथम स्थान पाहावे : नदी, वाट, उंची. नंतर मांडणी : मुख्य मंदिर कोणते, मागाहूनची भर कोणती. मग घडण : दगड, वीट, गिलावा यांचे सांधे. त्यानंतर मूर्ती, आणि त्यानंतरच लेख. लेख आधी वाचला तर डोळे तेच शोधू लागतात आणि भिंत खरे काय सांगते ते पाहावयाचे राहते. शेवटी माणसांकडे वळावे. पूजा कोण करतो, नैवेद्य कोणाच्या घरून येतो, जत्रेत कोणता समाज कोणता मान घेतो, हे विचारावे. राजीवलोचनाची पूजा परंपरेने क्षत्रिय पुजारी करीत आले आहेत, ही गोष्ट कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाही. तरी ती मंदिराच्या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

सिरपूरला दगड बोलतात कारण माणसे निघून गेली. राजिमला माणसे अजून बोलत आहेत, आणि त्यांच्या गजबजाटात दगडाचे बोल ऐकून घ्यावे लागतात. आपल्या गावचे देऊळही बहुधा राजिमसारखेच असेल. त्याच्या ओवरीत एखादा उलटा बसविलेला दगड, पायरीत गेलेला एखादा वीरगळ, रंगाखाली बुजलेली एखादी ओळ असेल. पुढील रंगरंगोटीचा दिवस ठरण्यापूर्वी तेथे कागद व टेप घेऊन एक सकाळ घालविणे, एवढे तरी या प्रकरणाच्या वाचकास करता येण्यासारखे आहे.